बाळंतिणीची शेगडी

स्कारबरो,
१८ नोव्हेंबर २००७

ताई,

नमस्कार. तुझ्या कानांची चौकशी करत नाही. मागच्या वेळी केली तर "तीस वर्षं वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची भांडणं जोडून दिली, आता देवानं माझीच लाइन कापली" असं उत्तर आलं होतं. म्हणजे फोन नाही, पत्रच. मला ते बरंच वाटतं. सुरेखा गेल्याला सहा वर्षं झाली, या घरात मराठी बोलायला मी आणि भिंती. रुचा दर रविवारी फोन करते, पण पोरगी इथेच जन्मली, अर्धं बोलणं इंग्रजीत.

तर मोठी बातमी तिचीच. तिला जानेवारीअखेरची तारीख दिली आहे. सुरेखा असती तर आत्तापासून डिंक कुटत बसली असती. बाळंतपणाला जावयाची, देवेशची आई, नीलिमाबाई, नागपूरहून रुचाच्या घरी कनाटाला येताहेत. त्यांना नवरा नाही, एकुलता एक मुलगा, विमानात पहिल्यांदाच बसणार. बाई कामसू आहेत, इंग्रजीचा गंध नाही. मीही जाऊन पंधरा-वीस दिवस राहणार आहे. मला तरी रुचाशिवाय कोण आहे?

छोटी बातमी म्हणजे इथल्या लायब्ररीत आमच्या ज्येष्ठ मंडळींपुढे माझं भाषण झालं. "या खंडातलं घर सव्वाशे वर्षांत कसं बदललं?" पूर्वी इथली बाईसुद्धा विहिरीवरून पाणी आणायची, लाकडं फोडायची, रोज चुलीतली राख काढायची, कंदिलाच्या काचा पुसायची. सोमवारचा सबंध दिवस धुण्यात जायचा. मग नळ आले, गॅस आला, वीज आली, इस्त्री, धुण्याचं यंत्र आणि तळघरात सबंध घर गरम ठेवणारा फर्नेस. मुलं घाण दुधापायी मरायची, तर दूध तापवून विकायचा कायदा झाला. कारखान्यांत बॉयलर फुटून माणसं मरायची, म्हणून आमचं खातं निघालं. मी त्या खात्यात पस्तीस वर्षं बॉयलर आणि फर्नेस तपासले, म्हणून छाती ठोकून सांगितलं की त्या नियमांच्या पुस्तकातली एकही ओळ कुणी हौसेनं लिहिलेली नाही, आधी कुणीतरी मेलेलं आहे. टाळ्या पडल्या. भाषणाची प्रत सोबत पाठवतोय.

तुझा
हेमू

*

वर्धा,
१२ डिसेंबर २००७

हेमू,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा.

भाषण वाचलं बाप्पा. नऊ पानं! तुमची मंडळी शेवटपर्यंत जागी होती का? चूल फुंकायला आई आणि मी, आणि चुलीचा इतिहास सांगायला तू. आपल्या घरी गॅस एकोणऐंशी साली आला, तोवर तू तिकडे दहा वर्षं बटन दाबून जेवत होतास. लिहितोस मात्र असं, जणू राख तूच काढली.

रुचाची बातमी वाचून मी रडले. सुरेखाची फार आठवण आली. पण आता कामाचं सांगते, नीट वाच. सव्वा महिना पोरीला मालीश, कडकडीत पाण्यानं अंघोळ आणि रोज शेक-शेगडी. खाटेखाली निखारे ठेवायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. बाळाला वरून धुरीची नुसती झुळूक दाखवायची. तुमच्या देशात म्हणे घरात विस्तवच दिसत नाही. मग बाळंतिणीचं अंग शेकणार कोण, तुझा फर्नेस? त्याची हवा कोरडी, तिच्यानं कंबर धरून बसते. माझ्या वेळी आईनं सव्वा महिना एक दिवस चुकवला नाही, म्हणून आज एकाहत्तराव्या वर्षी मी पाटावर बसते आणि न धरता उठते.

इंग्रज डॉक्टरांना विचारत बसू नकोस. आणि "धूर होईल, अमुक होईल" असली कारणंही सांगू नकोस. जन्मभर बॉयलर सांभाळलेस, एक वीतभर शेगडी सांभाळता येत नाही का रे? ओवा-शोपांची पुडी मी नीलिमाबाईंच्या पत्त्यावर नागपूरला पाठवली आहे. त्यांचं पोचल्याचं कार्डही आलं. अक्षर सुरेख आहे बाईंचं.

शोभाताई

*

कनाटा,
१६ फेब्रुवारी २००८

ताई,

तू आत्येआजी का काय म्हणतात ते झालीस! २८ जानेवारीला रुचाला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. नऊ तारखेला बारसं केलं, नाव ईशानी. कपाळ आपल्या आईचं आहे. देवेशला मी तसं बोललो, तर तो म्हणे सगळ्या बाळांचं कपाळ असंच असतं.

इथे बर्फानं यंदा कहर केला आहे. देवेश सकाळ-संध्याकाळ घरापुढचा ड्राइव्हवे शोव्हल करतो, फावड्यानं बर्फ उपसतो. नीलिमाबाई खिडकीतून बघतात आणि हिंदीत शेजारच्या पंजाबी बाईंशी बोलून घेतात, तेवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध. पहाटे पाचला उठतात. रुचाला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं आहे, अगदी खरं सांगतो. रुचाही आता त्यांना "आई" म्हणते. सुरेखानंतर हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच ऐकला.

तुझी शेगडी चालू आहे, बस झालं का? बेसमेंटमधल्या खोलीत दोघींना ठेवलं आहे. तिथे वारा लागत नाही आणि वॉशरूम लागूनच आहे. देवेशचा बार्बेक्यूचा कोळसा, लोखंडी कढई आणि तुझी पुडी. मी नियम घालून दिलेत: खिडकी चार बोटं उघडी, दहा मिनिटं धुरी, मग निखारे उचलून थेट बाहेर बर्फात. मी घड्याळ धरून उभा राहतो.

पहिल्या दिवशी गंमत झाली. खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीवर अलार्मचा डबा असतो, धुराचा आणि विषारी वायूचा मिळून एकच. धुरी दिली मात्र, तो असा बोंबलायला लागला की ईशानी दचकून रडून रडून काळीनिळी झाली. रुचा अंघोळीला गेली होती. मग मी स्टुलावर चढलो, नीलिमाबाईंनी स्टूल धरलं, आणि तो डबा काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवून दिला. ज्यानं जन्मभर लोकांच्या भिंतींवर डबे लावायला लावले, त्यानं नातीसाठी काढला. हस पोटभर.

उद्या मी स्कारबरोला परत निघतोय. निघवत नाही.

हेमू

*

वर्धा,
२० मार्च २००८

हेमू,

पत्र मिळालं, दहादा वाचलं. ईशानीचा फोटो का नाही पाठवला? तिच्यासाठी झबली-टोपडी शिवून ठेवली आहेत, इथून कोण जाणार आहे ते बघते.

पंधरा दिवसांत तुझी ओळ नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या शुभदानं तुझा नंबर लावून दिला, कुणी उचलला नाही. रविवारी उचललास, तर तू काय बोललास ते मला कळलं नाही. शुभदाला म्हटलं तू ऐक, तोवर तू ठेवलास. ती म्हणाली, काका रडत होते बहुतेक. काहून रे? तुला काही होतंय का? रुचा बरी आहे ना? परवा होळी, आणि माझं कशात मन लागत नाही.

जे असेल ते लिही. मी काही लहान नाही.

ताई

*

स्कारबरो,
२ एप्रिल २००८

ताई,

ईशानी गेली. ८ मार्चला, शनिवारी.

मला हे तीनदा लिहून फाडावं लागलं. नुसतं जसं झालं तसं लिहितो. शुक्रवारपासून वादळ होतं, दोन दिवस बर्फ थांबला नाही. बेसमेंटच्या खिडकीबाहेर उजेडासाठी खणलेला खड्डा बर्फानं भरून गेला, खिडकी उघडेना. रविवारी सव्वा महिना पुरा होणार होता. दुपारी नीलिमाबाईंनी धुरी दिली. खोलीत गारठा होता, म्हणून निखारे बाहेर न टाकता खाटेखालीच राहू दिले, दार लोटून घेतलं आणि त्या वर शिरा करायला गेल्या. देवेश बाहेर शोव्हल करत होता. तासाभरानं तो खाली गेला. रुचा बेशुद्ध होती. ईशानी तिच्या कुशीत होती.

कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. आपल्या वर्ध्याच्या घरात कौलांतून, दारांच्या फटींतून तो निघून जायचा, म्हणून आईच्या शेगडीनं कुणी मेलं नाही. इथली घरं गरम राहावीत म्हणून फट न् फट बुजवलेली असते. हेच मी त्या भाषणात सांगितलं होतं, कौतुकानं.

रुचाला हॉस्पिटलात दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. रस्ते उघडल्यावर रविवारी रात्री मी तिथे पोचलो. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं ते मी लिहू शकत नाही.

पॅसेजमधला अलार्म जागेवर नव्हता. पोलिसांनी विचारलं. वरच्या मजल्यावरचा अलार्म फोडणीनं वाजला की नीलिमाबाई टॉवेलनं त्याला वारा घालायच्या, त्याला शिव्या द्यायच्या. त्यांनीच खालचा काढला असणार. देवेश आईशी एक शब्द बोलला नाही. बाविसाव्या दिवशी त्यांना विमानात बसवून दिलं. गुन्हा नोंदवला नाही, अपघात म्हणून लिहिलं आहे.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. शेगडीचं तू सांगितलंस, पण निखारे आत ठेवायला तू सांगितलं नव्हतंस.

हेमू

*

वर्धा,
२९ एप्रिल २००८

हेमू,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी चूल-गॅस काही पेटवला नाही. शुभदा डबा देते. मला विस्तव बघवत नाही.

"दोष देऊ नकोस" म्हणतोस. कशी नको देऊ? पुडी माझी, हट्ट माझा. "वीतभर शेगडी सांभाळता येत नाही का" असं तुला चिडवून लिहिणारी मीच. तू नको म्हणशील हे मला ठाऊक होतं, म्हणूनच चिडवलं. मी त्या लेकराला पाहिलंसुद्धा नाही. झबली ट्रंकेत आहेत, कुणाला देववत नाहीत.

माझं पाप मी पदरात घेतलं. आता तुझं विचारते. तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्यापुढे उघडं आहे. त्यात तू लिहिलंस, स्टुलावर तू चढलास, नीलिमाबाईंनी स्टूल धरलं, डबा तू काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवलास. निघताना परत लावला असं लिहिलेलं नाही. एप्रिलच्या पत्रात म्हणतोस, त्यांनी काढला "असणार". तू परत लावला होतास आणि त्यांनी पुन्हा काढला, असं झालं का? तसं असेल तर तसं लिही, मी तुझी क्षमा मागीन.

आणि तसं नसेल, तर त्या बाईला तू कसल्या शिक्षेला पाठवलंस रे? कोणाची म्हैस आणि कोणाला ऊठबैस! निखारे ठेवायची चूक त्यांची, ती त्या भोगतीलच. पण डब्याचं पाप त्यांच्या माथी का?

ताई

*

स्कारबरो,
१५ जून २००८

ताई,

मी परत लावला नव्हता. विसरलो. निघायच्या दिवशी ईशानीला मांडीवर घेऊन बसलो होतो, देवेश गाडी गरम करून हॉर्न वाजवत होता, आणि मी विसरलो. पस्तीस वर्षांत कुणी असं मला सांगितलं असतं, तर मी त्याला कागदावर चार ओळींत गाडला असता.

आता माझं ऐक. रुचा अजून कामावर जात नाही. दिवसभर खालच्या खोलीत जाऊन बसते. तिला एवढंच धरायला उरलंय की बाबा आहेत. रोज रात्री फोन करते, आधी रविवारचाच असायचा. कधी बोलत नाही, नुसता फोन धरून ठेवते, मी इकडे धरून बसतो. सासूचा राग करून ती जगू शकते. सासू किती दिवसांची ओळख, तीन महिन्यांची. पण बापानं केलं हे तिला कळलं तर ती कुणाकडे बघणार? आणि मी? सुरेखा गेली, नात गेली, आता लेकही घालवू? माझ्यात तेवढी ताकद नाही. भित्रा म्हण, काय हवं ते म्हण.

नीलिमाबाईंना मी पाहिजे ती मदत करीन. त्यांच्या नागपूरच्या घराला काही लागलं तर कळव. पण ते पत्र फाडून टाक. तुझ्या भावानं आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

हेमू

*

वर्धा,
१० डिसेंबर २००८

हेमू,

सहा महिने तुला लिहिलं नाही. लिहायला बसले की तोंडात शिव्या यायच्या. तू धाकटा, आईनं जाताना तुझा हात माझ्या हातात दिलेला, म्हणून शिव्या गिळल्या.

नोव्हेंबरात नागपूरला गेले, नीलिमाबाईंकडे. आधी कळवलं नाही, कळवलं असतं तर त्यांनी दार उघडलं नसतं. खाली दूधवाल्याला पत्ता विचारला तर म्हणाला, "नातीवाल्या बाई का?" त्यांच्या भावजयीनं स्वतःच्या मुलीच्या डोहाळजेवणाला त्यांना बोलावलं नाही. देवेशचा फोन नाही, आजारी पडल्या तेव्हाही नाही. बाई अर्ध्या झाल्यात. मी कोण ते सांगितलं, तर मला म्हणाल्या, "तुमची पुडी चांगली होती हो, शोपा अगदी ताज्या होत्या."

मग मी त्यांना विचारलं, डबा कुणी काढला ते तुम्हांला माहीत आहे, तुम्ही बोलला का नाही? त्या म्हणाल्या, बोलले होते. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "डबा मी नाही काढला, रुचाच्या बाबांनी काढला." देवेश रुचापाशी होता. पोलिसांना मराठीतून इंग्रजी करून सांगायला तू होतास. आणि तू सांगितलंस, "शी डझन्ट रिमेंबर."

हेमू, त्यांना इंग्रजीचा गंध नाही असं तू मला लिहिलं होतंस. बाई दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही का रे? त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तू बुटांकडे पाहत होतास. त्या गप्प बसल्या. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "निखारे मीच ठेवले होते, मी कशीही बुडालेलीच होते. त्या पोरीला आई नाही. बाप तरी राहू द्यावा म्हटलं."

मी तिथे ढसाढसा रडले. त्यांनी मला पाणी दिलं.

हे तू मला जूनमध्येही सांगितलं नाहीस. विसरलो म्हणालास, त्यावर माझा विश्वास बसला होता. डबा विसरणं माणसाच्या हातून होतं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून केलंस ते विसरणं नव्हतं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र सोबत परत पाठवते आहे. झेरॉक्स काढलेली नाही. रुचाला मी लिहिणार नाही, नीलिमाबाईही नाही, त्यांनी मला तशी शपथ घातली आहे. आता हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. फाडायचं तर तूच फाड.

शोभा

*

स्कारबरो,
१८ मे २००९

ताई,

पत्र फाडलं नाही. चार महिने उशीखाली ठेवलं. मध्ये मंडळींनी ते भाषण पुन्हा द्यायला सांगितलं, नवीन लोक आलेत म्हणे. उभा राहिलो. बॉयलरपाशी आलो आणि कागदांची घडी करून खाली बसलो. लोकांना वाटलं, नातीची आठवण आली. एका बाईंनी मला जवळ घेतलं आणि "तुमच्या विहीणबाईंना देव क्षमा करो" म्हणाल्या. ताई, मी त्यांना "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कनाटाला गेलो. दोघांना टेबलाशी बसवलं आणि पत्र पुढे ठेवलं. रुचाला मराठी वाचायला वेळ लागतो. ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती, मधे एक शब्द अडला, "टुलावर" म्हणाली, आणि मला तिला सांगावं लागलं, स्टुलावर. मग पॅसेजमधलं तोंडी सांगितलं, पोलिसांपुढे मी काय म्हणालो ते.

देवेश उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, तो ड्राइव्हवेवर फोन कानाला लावून उभा होता. नागपूरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मग तो खालीच बसला. चौदा महिन्यांनी पोरानं आईला फोन केला.

रुचा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इंग्रजीत बोलली, मी तुला मराठीत सांगतो. "बाबा, अलार्म काढलास ते मी समजू शकते. बाळ रडत होतं, मी असते तर मीच तुला काढ म्हटलं असतं. पण मी आईंना म्हटलं होतं, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ नका. त्या माझ्या पाया पडत होत्या, बाबा. माझ्यापेक्षा मोठी बाई माझ्या पाया पडत होती आणि मी पाय काढून घेतला. तू दारात उभा होतास. तू मला ते करू दिलंस." मग मराठीत म्हणाली, "तू मला वाईट बनवलंस." तिचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण हे वाक्य बरोबर होतं.

सोमवारी पोलिसांकडे जाऊन जबानी दुरुस्त करून दिली. त्यांनी लिहून घेतली, पुढे काय ते कळवतील. होईल ते होवो, त्याची भीती वाटत नाही.

देवेश जूनमध्ये नागपूरला जाऊन आईला घेऊन येतो आहे. रुचानं स्वतः फोन केला त्यांना, दार लावून. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता, निदान एकीचा तरी. बाहेर आल्यावर मला म्हणाली, आई इथे असेपर्यंत तू येऊ नकोस. मी विचारलं, मग नंतर? ती म्हणाली, ठाऊक नाही. मी बरं म्हटलं आणि बसनं घरी आलो. त्याला पंधरा दिवस झाले. फोन आलेला नाही, रोजचाही नाही आणि रविवारचाही नाही.

तुला हवं होतं ते केलं, पण तुला हवं होतं म्हणून केलं नाही. आणि आता बरं वाटतंय असंही खोटं लिहीत नाही. ज्या एका माणसासाठी हे पाप केलं, ते माणूस गेलं.

नीलिमाबाई निघण्याआधी तू त्यांना भेटशील ना? क्षमा मागण्याचं तोंड मला नाही, ती मी पुढे कधीतरी स्वतः मागीन. तूर्त त्यांना एवढंच सांग. रुचा मध्यरात्री उठून खाली त्या खोलीत जाऊन बसते, आणि आता तिला धरायला फोनही नाही. तिच्याजवळ झोपा म्हणावं. ती नको म्हणेल, इंग्रजीत काहीबाही बोलेल. तरी झोपा म्हणावं.

हेमू